थोडक्या पैशांतली स्पोर्ट्स कार

श्रोतेहो, बैलबाजारात बैल कसा पारखावा हे तुमच्यापैकी पुष्कळांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. दात मोजायचे, खूर उचलून पाहायचे, खांद्यावरून हात फिरवायचा, चार पावले चालवून बघायचे आणि मग रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवायचा. शिंगे रंगवलेली आहेत, गळ्यात घुंगुरमाळ आहे, म्हणून जाणता शेतकरी भुलत नाही. उलट बैल फार सजवलेला दिसला की तो खुरांकडे जरा जास्तच वेळ बघतो. आज मी जी गोष्ट सांगणार आहे ती एका विलायती मोटारीची आहे. पण तिचे मर्म या बैलबाजारातच आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो.

हा विषय माझ्याकडे कसा आला तेही सांगितले पाहिजे, कारण मी इतिहासाचा प्राध्यापक. मोटारींशी माझा संबंध एस.टी.च्या तिकिटापुरता. माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडात नोकरी करतो. तालुक्याच्या गावचा मुलगा. वडिलांनी तीस वर्षे अँबॅसिडर भाड्याने चालवून त्याला शिकवले. गेल्या वर्षी त्याचा फोन आला. म्हणाला, "सर, इथं जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचं मनात आहे. पैसे थोडे आहेत. दोन वर्षं बाजूला टाकलेत. घरी कर्जाचा हप्ताही पाठवायचा असतो, म्हणून फसलो तर पुन्हा दोन वर्षं गेली. तुम्ही आम्हाला इंग्लंडचा औद्योगिक इतिहास शिकवलात, आता सांगा काय करू?"

मला प्रथम हसू आले. मी स्वतः नोकरीला लागलो तेव्हा रंग बघून एक जुनी स्कूटर घेतली होती, आणि पहिल्याच पावसाळ्यात तिचा पायाखालचा पत्रा गळून पडला होता. असा मी काय सल्ला देणार? पण मग वाटले, शिकवलेल्या इतिहासाचा कुणी हिशेब मागत असेल तर द्यायला हवा. म्हणून वाचू लागलो. आणि मौज अशी की, जुनी वस्तू कशी पारखावी याचे उत्तर ती वस्तू का आणि कशी निर्माण झाली या प्रश्नात दडलेले सापडले.

तेव्हा आधी इतिहास बघू.

पहिल्या महायुद्धानंतर स्पोर्ट्स कार ही धनवंतांची चैन होती. दोन माणसांची बैठक, वर छप्पर नाही, सामान ठेवायला जागा नाही. असली गाडी बाळगायची म्हणजे घरी आणखी एखादी कामाची गाडी असणारच. ऑक्सफर्ड शहरात विल्यम मॉरिस या कारखानदाराचे मोटारी विकण्याचे आणि दुरुस्त करण्याचे दुकान होते. त्याचे नाव मॉरिस गॅरेजेस. १९२२ साली सेसिल किंबर नावाचा गृहस्थ तिथला व्यवस्थापक झाला. मॉरिसच्या साध्या घरगुती गाड्यांवर तो देखणे, हलके सांगाडे चढवून विकू लागला. मॉरिस गॅरेजेसची आद्याक्षरे घेऊन त्या गाड्यांना नाव पडले एम. जी.; आठ कोनांच्या चौकटीत ही दोन अक्षरे. हीच खूण मिरवणाऱ्या गाड्या २०१९ पासून आपल्याही रस्त्यांवर धावू लागल्या आहेत. त्या आता गुजरातेत हालोलला तयार होतात आणि मालकीही केव्हाच इंग्रजांची राहिलेली नाही. पण खूण तीच आहे.

किंबरची खरी करामत १९२८ सालची. त्या वर्षी लंडनच्या मोटार प्रदर्शनात त्याने मिजेट नावाची एक चिमुकली गाडी मांडली. इंजिन अवघे ८४७ सी.सी. चे, किंमत १७५ पौंड. इतकी स्वस्त कशी? कारण तिच्यात नवे असे फारच थोडे होते. इंजिन, चाके, चासी हे सगळे मॉरिस मायनर या गरीब कुटुंबवत्सल गाडीचे. त्यावर लाकडी चौकट आणि कापड चढवलेले हलके शरीर. घरचेच पीठ, पण पुरणपोळी केली, असा प्रकार. शाळामास्तर, कारकून, कारखान्यातला तरुण कारागीर यांना परवडेल अशी स्पोर्ट्स कार प्रथमच बाजारात आली. पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये, कारखाना ऑक्सफर्डच्या दक्षिणेला थेम्सकाठच्या अॅबिंग्डन या लहान गावात गेला. ते गाव पुढे पन्नास वर्षे या गाड्यांवर जगले.

इथे एक सूत्र हाती लागते, ते लक्षात ठेवा. स्वस्त स्पोर्ट्स कार ही नेहमी उसनवारीवर उभी असते. तिचे काळीज कुठल्या तरी साध्या गाडीचे असते. हे सूत्र पुढे जुनी गाडी घेणाऱ्याच्या फार कामी येते.

दुसरे महायुद्ध आले. किंबरला १९४१ मध्येच कंपनी सोडावी लागली आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ आगगाडीच्या अपघातात तो मरण पावला. युद्ध जिंकलेले इंग्लंड तेव्हा कर्जात बुडाले होते. पोलाद मोजून मिळे, आणि ते मिळे निर्यात करणाऱ्याला. अॅबिंग्डनने १९४५ ते १९४९ या काळात टी. सी. नावाच्या दहा हजार गाड्या बांधल्या. त्यांतल्या सुमारे दोन हजार अमेरिकेस गेल्या. आकडा लहान, पण अमेरिकनांना या गाडीची गोडी लागली. त्यांच्या लांबरुंद मोटारींपुढे ही सायकलच्या चाकांची, ताठ बसायला लावणारी, उजव्या हाताने चालवायची गाडी म्हणजे मोठे नवल होते. तिच्या मागून आलेल्या टी. डी. च्या तीस हजारांच्या आसपास गाड्या झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेनेच घेतल्या. डॉलर हवेत म्हणून इंग्लंडने आपले खेळणे विकले, असे म्हटले तरी चालेल.

१९५८ साल उजाडले. डोनाल्ड हीली हा कॉर्नवॉलचा कुशल मोटार-रचनाकार. त्याच्याकडून ऑस्टिन-हीली स्प्राइट ही अगदी छोटी गाडी आली. सायकलच्या छपरीत मावेल अशी गाडी करायची, हा तिचा संकल्प. पैसे वाचवण्यासाठी बाहेरून दाराला मूठ नाही, मागच्या पेटीला बाहेरून झाकण नाही. दिवे बॉनेटवर डोळे वटारल्यासारखे बसवलेले, म्हणून लोक तिला बेडूकडोळी म्हणत. हिचेही इंजिन ऑस्टिनच्या लहान गाडीचे आणि सुकाणूची यंत्रणा मॉरिस मायनरची. तीही बांधली जाई अॅबिंग्डनलाच.

मग १९६२. या एका वर्षात दोन गाड्या आल्या. अॅबिंग्डनहून एम. जी. बी. आणि कॉव्हेंट्रीहून ट्रायंफ स्पिटफायर. एम. जी. बी. चे इंजिन १७९८ सी.सी. चे, वेग ताशी शंभर मैलांच्या जरा वर, आणि इंग्लंडात किंमत कर धरून साडेनऊशे पौंडांच्या आसपास. १९६५ मध्ये तिची छप्पर असलेली जी. टी. ही बहीण आली. तिला मागे नावापुरत्या दोन लहान बैठका होत्या. १९८० पर्यंत या दोघी बहिणी मिळून पाच लाखांवर निघाल्या. स्पिटफायर तीन लाखांच्या पुढे गेली.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे साता समुद्रापलीकडचे. आपला याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो बॉनेटखाली आहे. १९५५ साली निघालेल्या एम. जी. ए. या गाडीत बी-सीरीज या घराण्याचे १४८९ सी.सी. चे इंजिन होते. तेच इंजिन मॉरिस ऑक्सफर्ड या घरगुती गाडीतही होते. आणि त्या मॉरिस ऑक्सफर्डपासून आपली हिंदुस्थान अँबॅसिडर झाली. कलेक्टरसाहेबांच्या, पुढाऱ्यांच्या, लग्नाच्या वरातीच्या त्या अँबॅसिडरमध्ये पुढे अनेक वर्षे हेच १४८९ सी.सी. चे इंजिन धडधडत होते. एम. जी. बी. चे १७९८ सी.सी. चे इंजिन म्हणजे त्याच घराण्यातला मोठा भाऊ. स्पिटफायरचेही तसेच. ती ट्रायंफ हेरल्ड या गाडीच्या चासीवरून घडवलेली, आणि दोघींचे रूप इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती या एकाच कलावंताने रेखलेले. हीच हेरल्ड १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड हेरल्ड म्हणून तयार होऊ लागली. विलायतेत ज्या गाडीवर तरुण पोरे जीव टाकत होती, तिची एक सख्खी बहीण आपल्याकडे डॉक्टरांना रोग्यांच्या घरी नेत होती!

आता उतरती कळा. १९६८ मध्ये बऱ्याच इंग्रजी मोटार कंपन्या मिळून ब्रिटिश लेलँड हा एकच भला मोठा संसार थाटला गेला. घरात भांडणे, संप, तोटा. नवी स्पोर्ट्स कार रचायला पैसा उरेना. तिकडे अमेरिकेने धुराचे आणि सुरक्षिततेचे कायदे कडक केले. धडक सोसण्याच्या नियमासाठी १९७४ च्या शरदापासून एम. जी. बी. ला चकचकीत क्रोमच्या जागी काळे जाड रबरी बंपर आले आणि गाडीची उंचीही वाढवावी लागली. वळणावर ती पूर्वीपेक्षा झुकू लागली. जुने शौकीन हळहळले. पुढे पौंड महाग झाला आणि अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक गाडीमागे तोटा होतो, असे कंपनी सांगू लागली.

१९७९ च्या सप्टेंबरात अॅबिंग्डन गावाने आपल्या कारखान्याच्या पन्नाशीचा उत्सव केला. मिरवणुका झाल्या, जुन्या गाड्या सजून आल्या. आणि उत्सव उरकतो न उरकतो तोच, सोमवारी, १० सप्टेंबर रोजी, कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. लोकांनी लंडनमध्ये मोर्चा काढला. उपयोग झाला नाही. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एम. जी. बी. बाहेर पडली आणि दारे लागली. स्पिटफायर त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात संपली होती. गिरण्या बंद पडताना आपण मुंबईत जे पाहिले, ते या थेम्सकाठच्या गावाने आपल्या परीने भोगले. कारागीर जाणकार होते, मालाला गिऱ्हाईक होते, तरी हिशेब जुळला नाही.

बरे, गाडी संपली, पण गाड्या संपल्या नाहीत. पाच लाखांतल्या हजारो गाड्या जिवंत राहिल्या. नवीन असताना ज्याला परवडल्या नाहीत, तो आता त्या जुन्या घेऊ लागला. साधी इंजिने, सुटे भाग मुबलक, पाने-पेंचिस हाती धरता आले की घरच्या घरी दुरुस्ती. वैरी फक्त एक, गंज. इंग्लंडच्या थंडीत रस्त्यावर बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात. ते मीठ पाण्याबरोबर पत्र्याच्या सांदीत जाते आणि आतून पोखरते. म्हणून १९८० नंतर एक मजेची उलटी वाहतूक सुरू झाली. डॉलरसाठी कॅलिफोर्नियात विकलेल्या गाड्या, तिथली हवा कोरडी म्हणून पत्रा शाबूत राहिलेल्या, इंग्रज शौकिनांनी परत घरी आणल्या. १९८८ पासून तर जुनेच साचे शोधून काढून एम. जी. बी. चे कोरे सांगाडे पुन्हा बनवायला सुरुवात झाली. आणि १९८९ मध्ये जपानच्या माझदा कंपनीने याच इंग्रजी कल्पनेवरून, दोन बैठका, उघडे छप्पर, हलके वजन, माफक किंमत, अशी एम. एक्स.-५ काढली. तिच्या २०१६ पर्यंत दहा लाख गाड्या झाल्या. म्हणजे कल्पना खोटी नव्हती. ती सांभाळणारे घर मोडले होते.

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. थोड्या पैशांत जुनी गाडी घेणाराने काय पाहावे? इतिहासाने दिलेली उत्तरे मी त्याला एकेक करून सांगितली.

पहिली गोष्ट, जी पुष्कळ निघाली तीच घ्यावी. दुर्मिळ गाडीचा मान मोठा, पण तिच्या एका काचेसाठी वर्षभर हिंडावे लागते. एम. जी. बी. आणि स्पिटफायर यांचे जवळजवळ सगळे भाग आजही मिळतात, कारण त्या लाखांनी झाल्या आणि साध्या गाड्यांच्या भागांवर उभ्या राहिल्या.

दुसरी गोष्ट, ज्या रूपाला लोक नाके मुरडतात ते रूप पाहावे. क्रोम बंपरची उघडी गाडी महाग. रबरी बंपरची आणि छपराची जी. टी. स्वस्त. इंजिन तेच, मजा बहुतांशी तीच. फरक आहे तो लोकांच्या हौसेचा, आणि हौसेचे पैसे गरिबाने का भरावेत?

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हाडे. एम. जी. बी. ला वेगळी चासी नाही. पत्र्याची पेटी हीच तिची हाडे. त्यातही दारांखालचा जो उंबरा असतो, त्याच्या आत पत्र्यांचे थर असतात आणि सगळ्या गाडीचा भार तेच उचलतात. बाहेरून रंग लावला की उंबरा नवा दिसतो. आतून तो गंजून भुगा झालेला असू शकतो. याची परीक्षा सोपी आहे. एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळून उंबऱ्यावरून फिरवावा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नसून लांबी भरलेली आहे. आपल्याकडचे मिस्त्री ज्याला लांबी म्हणतात तीच. मग गाडी जॅकवर उचलावी आणि दार उघडून बघावे. दार अडकले किंवा त्याची फट आवळली, तर समजावे की पाठीचा कणा गेला. सतरंजी उचलून पायाखालचा पत्रा पाहावा, बैठकांच्या मागची बॅटरीची जागा पाहावी.

स्पिटफायरला निराळी चासी आहे, म्हणून ती आपण सुरक्षित समजतो. पण उंबरे तिचेही पाहावे लागतात. तिची एक खोड अशी, की कुणाला तरी क्लच दाबायला लावून इंजिनच्या पुढच्या पुलीकडे बघावे. पुली स्पष्ट पुढे सरकली, तर आतल्या कड्या झिजल्या आहेत आणि खर्च मोठा आहे. तिच्या पुढच्या चाकांच्या सांध्यात ग्रीस नव्हे, जाड तेल भरायचे असते. हे साधे काम न केल्याने कित्येक सांधे तुटले. मालकाला सहज विचारावे, "इथं काय भरता?" उत्तरावरून गाडी कळण्याआधी मालक कळतो.

चौथी गोष्ट म्हणजे कागद. इंग्लंडात १९६० पासून जुन्या गाड्यांची सक्तीची वार्षिक तपासणी सुरू झाली. आज त्या तपासण्यांच्या अलीकडच्या काळातल्या नोंदी नुसता गाडीचा नंबर घालून संगणकावर कुणालाही पाहता येतात. गाडी किती मैल चालली, कुठे गंज सापडला, सारे त्यात असते. मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरील गाड्यांना बहुधा ही तपासणी माफ आहे. म्हणून सक्ती नसताना ज्याने तपासणी चालू ठेवली, तो मालक शहाणा समजावा.

आणि शेवटची गोष्ट, जवळच्या सगळ्या पैशांची गाडी घेऊ नये. पाचवा हिस्सा तरी पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला बांधून ठेवावा. डबघाईची गाडी नवी करायला तिच्या किमतीच्या कितीतरी पट लागतात. सर्वांत स्वस्त मिळालेली गाडी शेवटी सर्वांत महाग पडते, हे सांगायला अर्थशास्त्राचा प्राध्यापक नको.

विद्यार्थ्याने दोन गाड्या नजरेत धरल्या होत्या. एक १९६९ सालची, लाल, उघडी, क्रोम बंपरची, ताज्या रंगाची. किंमत आश्चर्य वाटावे इतकी कमी. दुसरी १९७७ ची जी. टी., मातकट रंगाची, रबरी बंपरची, बॉनेट उन्हाने फिके पडलेले. त्याचे मन लालवर बसले होते हे आवाजावरूनच कळत होते. त्याने दोन्ही इंजिनांचे आवाज फोनवर भरून मला पाठवले. मला त्यातले काय कळणार? मी ते घेऊन त्याच्या वडिलांकडे गेलो.

म्हातारा या खरेदीवर नाराजच होता. "सर, दोन माणसांची गाडी घेतोय पोरगं. उद्या आम्ही दोघं गेलो तर काय टपावर बसू?" असे तो म्हणाला. पण फोन कानाला लावला आणि त्याचा चेहरा बदलला. डोळे मिटून त्याने दोन्ही आवाज तीन-तीन वेळा ऐकले. मग म्हणाला, "ही तर आपलीच हाय की! अँबॅसिडरचाच सूर, जरा जाडा." पहिल्या इंजिनबद्दल म्हणाला, "झकास. हात फिरवलाय कुणीतरी." दुसऱ्याबद्दल, "टॅपेट वाजतंय. त्यात काय भ्यायचं? पट्टी घालून गॅप लावला की गप्प बसंल. आतून ठोका न्हाय, ते महत्त्वाचं."

म्हणजे इंजिनाच्या परीक्षेत लाल गाडी पहिली आली. मी तसे कळवणार होतो, पण म्हाताऱ्याने हात धरला. "सर, इंजान मी झाडाखाली उतरवलंय, झाडाखाली चढवलंय. पण बॉडी कुजली की गाडी भंगारात गेली. त्याला म्हणावं, जॅक लाव." मी पुस्तकांतून चार आठवडे खपून जे काढले होते ते त्याने तीस वर्षांच्या अंगमेहनतीतून एका वाक्यात सांगितले.

पुढच्या शनिवारी मुलाने जॅक लावला. लाल गाडीचे दार उघडेना. उंबऱ्यावर हातभर जागेत चुंबक चिकटेना. वार्षिक तपासणीच्या नोंदी पाहिल्या, तर शेवटची तपासणी कित्येक वर्षांपूर्वीची आणि तिच्यात गंजाचा शेरा. रंग मात्र महिन्याभरापूर्वीचा. जी. टी. चे दार जॅकवरही अलगद उघडले आणि मिटले. तिच्या मालकाने, एका निवृत्त माणसाने, चाळीस वर्षांच्या पावत्या बुटाच्या खोक्यात जपून ठेवल्या होत्या, आणि माफी असूनही तपासणी चुकवलेली नव्हती. मुलाने ती घेतली, आणि गाठीचे थोडे पैसे गाठीला राहिले.

त्याला वाईट वाटले, हे लपवत नाही. लाल गाडी त्याच्या मनातली होती. मला तो म्हणाला, "सर, मी जिचं स्वप्न बघितलं ती ही नाही." मी म्हटले, "बाबा रे, स्वप्न पाहिलेली तीही नव्हती. ती फक्त तिचा रंग होता." तो गप्प राहिला. महिन्याभराने त्याचा फोन आला तो वडिलांसाठी. टॅपेटची गॅप कशी लावायची ते बापाने इथून सांगावे आणि लेकाने तिथे पाने फिरवावेत, असा तास दीड तास चालला. शेवटी इंजिनचा आवाज फोनवरून आला. म्हाताऱ्याने ऐकला, मान डोलावली आणि विचारले, "आणि मागं बसायला जागा हाय म्हणतोस?" मुलगा म्हणाला, "आहे, पण लहान पोरांपुरती." "मग तुझ्या आईला पुढं बसव. मी मागं दुमडून बसतो."

शिक्षक मित्रांना दोन शब्द सांगून संपवतो. आपण वर्गात सनावळ्या सांगतो आणि मुले जांभया देतात. एखादे दिवशी गावातली एखादी जुनी वस्तू वर्गात आणा. बंद पडलेले ऑइल इंजिन असो, आजीचे शिवणयंत्र असो, नाहीतर मास्तरांची स्वतःची सायकल असो. ती कुणी केली, कुठे केली, का स्वस्त होती, कुणी दुरुस्त केली, कुठे सांधली, हे मुलांना विचारू द्या. जिथे रंग ताजा दिसेल तिथे नख लावून बघायला शिकवा. जुन्या कागदावर, जुन्या कीर्तीवर आणि जुन्या मोटारीवर विश्वास ठेवण्याची रीत एकच आहे. आधी उचलून बघावे, दार उघडते का.